‘कॉल ऑफ द व्हॅली’ आणि श्रोत्याची रसिकता : एका परक्या वाद्याच्या स्वीकाराचा विचार

१

संगीताचा इतिहास बहुधा गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. घराणी, गुरुपरंपरा, बंदिशींची मालकी, संस्थानिकांचा आश्रय, संगीत-परिषदा या त्याच्या ठरलेल्या पायऱ्या होत. ऐकणारा या इतिहासात येतो तो ‘मैफल रंगली’ एवढ्या एका वाक्यापुरता. मैफलीच्या युगात हे काहीसे क्षम्यही होते. कारण तेथे श्रोता समोर बसलेला असे, त्याची दाद गवयाच्या गाण्यात तत्काळ उमटे, आणि गाण्याचे वर्णन करता करता श्रोत्याचेही वर्णन होऊन जाई. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीने कलकत्त्यात गौहरजान आदी कलावंतांचे ध्वनिमुद्रण केले, तेव्हापासून मात्र गायक आणि श्रोता यांची ताटातूट झाली. गायकाला आपला श्रोता दिसेनासा झाला आणि श्रोत्याला गायकावर कसलाही परिणाम घडविता येईना. या ताटातुटीतून जो नवा रसिक जन्मास आला त्याच्या आवडीनिवडीचा इतिहास अद्याप पुरतेपणी लिहिला गेलेला नाही.

प्रस्तुत निबंधात या इतिहासातील एका प्रकरणाचा विचार करावयाचा आहे. १९६७ साली मुंबईत सिद्ध झालेली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही दीर्घ ध्वनिमुद्रिका हिंदुस्थानी वाद्यसंगीताच्या सर्वाधिक खपलेल्या मुद्रिकांपैकी एक होय. पंडित शिवकुमार शर्मा यांचे संतूर, पंडित हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी, पंडित ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार आणि माणिकराव पोपटकर यांचा तबला अशी तिची मांडणी आहे. या चौघांपैकी गिटार या वाद्याला रागसंगीतात त्या वेळी फारसे स्थान नव्हते. असे असता सामान्य श्रोत्याने ते वाद्य कुरकुर न करता स्वीकारले. हा स्वीकार कशामुळे घडला, आणि त्याच स्वीकारात गिटारवादकाच्या वाट्याला काय आले, हे दोन प्रश्न येथे अभिप्रेत आहेत.

या प्रश्नांकडे मुंबईतून न पाहता सोलापूरसारख्या जिल्ह्याच्या शहरातून पाहणे अधिक फलदायी ठरते. मुंबईच्या श्रोत्याला परिषदा आणि सभागृहे उपलब्ध होती. कलावंत त्याच्या शेजारी राहत होते. जिल्ह्याच्या ठिकाणचा श्रोता मुख्यतः रेडिओ आणि तबकडी यांवर वाढला. शिवाय सोलापूर हे मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणाऱ्यांचे गिरणगाव. अशा गावात शब्दविरहित संगीताला एक विशेष सोय असते : ते कोणत्याही एका भाषेचे नसते आणि म्हणून कोणालाच परके नसते.

२

प्रथम मुद्रिकेचे स्वरूप पाहू. काश्मीरच्या खोऱ्यातील एका मेंढपाळाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा एक दिवस, ही तिची कल्पना. त्या दिवसाचे प्रहर रागांनी दाखविले आहेत. आरंभी अहीर भैरव आणि नट भैरव, मग पिलू, पुढे भूप, त्यानंतर देस आणि शेवटी पहाडी असा हा क्रम आहे. दोन्ही बाजू मिळून सुमारे चाळीस मिनिटांचे हे वादन आहे. सूत्र साधे आहे. परंतु त्यात रागसमयाचा सिद्धान्त, जो पाठ्यपुस्तकात कोष्टकाच्या रूपाने भेटतो, तो कथेच्या रूपाने आला आहे.

निर्माते जी. एन. जोशी हे मराठी रसिकांना अनोळखी नव्हते. पेशाने वकील असलेले जोशी १९३० च्या दशकाच्या आरंभी भावगीतांचे गायक म्हणून पुढे आले, ना. घ. देशपांडे यांच्या ‘शीळ’ या कवितेच्या त्यांनी गायिलेल्या तबकडीपासून मराठी भावगीताचा एक नवा प्रवाह सुरू झाला असे सामान्यतः मानले जाते. पुढे ते ‘हिज मास्टर्स व्हॉइस’मध्ये ध्वनिमुद्रणाचे अधिकारी झाले आणि अनेक दशके मोठमोठ्या गवयांना ध्वनिक्षेपकासमोर बसविण्याचे अवघड काम त्यांनी केले. ‘स्वरगंगेच्या तीरी’ हे त्यांचे आठवणींचे पुस्तक या व्यवसायाचे एक महत्त्वाचे साधन आहे. तीन मिनिटांत एक भाव पुरता उभा करणे ही भावगीताची कला. ती ज्याच्या अंगी मुरली होती अशा गृहस्थाने वाद्यसंगीताची ही दिनचर्या रचावी, हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. मुद्रिकेतील रागखंड आटोपशीर आहेत, प्रत्येकाची भाववृत्ती पहिल्या काही स्वरांतच निश्चित होते, आणि पुढील खंड येण्यापूर्वी ती विस्कटत नाही. भावगीताचे हे शिस्तबद्धपण तेथे उघड दिसते.

तिन्ही वादक त्या वेळी तिशीच्या आसपासचे होते. शर्मा आणि चौरसिया हे दोघेही मुंबईस स्थायिक होऊन चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवीत असत. शर्मा यांचे संतूर तर १९५५ सालच्या ‘झनक झनक पायल बाजे’ या व्ही. शांताराम यांच्या चित्रपटाच्या पार्श्वसंगीतात वसंत देसाई यांनी योजले होते. चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणात वादकाला एक गोष्ट अंगवळणी पडते : ठरलेल्या क्षणी शिरावयाचे, ठरलेल्या क्षणी थांबावयाचे आणि दुसऱ्या वाद्याला वाट करून द्यावयाची. मैफलीत वाढलेल्या वादकाला हे सहसा जड जाते. तीन स्वरवाद्यांची ही मुद्रिका गोंगाटाची झाली नाही, याच्या कारणांत या शिस्तीची गणना केली पाहिजे.

३

आता गिटारचा विचार. मुद्रिकेत वाजते ती उभी धरून पडद्यांवर बोटे दाबून वाजविण्याची गिटार नव्हे. वाद्य मांडीवर आडवे ठेवावयाचे, उजव्या हाताने तारा छेडावयाच्या आणि डाव्या हातातील धातूची कांडी तारांवरून सरकवावयाची, ही हवाई बेटांची पद्धती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जोसेफ केकुकू या हवाईयन वादकाने ती रूढ केली असे मानतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती जगभर पसरली. टाऊ मो या हवाईयन वादकाचे कुटुंब १९४० च्या दशकात काही वर्षे कलकत्त्यास राहिले, आणि बंगालमध्ये या गिटारचे मोठे वेड निर्माण झाले. रवींद्रसंगीताच्या आणि चित्रपटगीतांच्या चाली तिच्यावर वाजू लागल्या. मुंबईतही व्हॅन शिपले यांच्या विजेवरील गिटारीच्या तबकड्या घरोघर गेल्या. म्हणजे १९६७ पूर्वी भारतीय श्रोत्याला गिटार ऐकून ठाऊक होती. पण ती ‘गाण्याची चाल वाजविणारे वाद्य’ म्हणून. राग मांडण्याची तिची योग्यता आहे, असे कोणी गृहीत धरलेले नव्हते.

तारेवरून गुळगुळीत वस्तू सरकवून स्वर काढण्याची युक्ती भारताला मात्र नवी नव्हती. विचित्र वीणा काचेच्या गोट्याने वाजते. दक्षिणेतील गोट्टुवाद्य लाकडी दांडीने वाजते, आणि तिरुविडैमरुदूरचे सखाराम राव यांनी त्याला विसाव्या शतकात पुन्हा मैफलीत आणले. दोन्ही वाद्यांचा गुण एकच : पडद्यांचा अडथळा नसल्याने एका स्वरातून दुसऱ्या स्वरात जाताना मधली संपूर्ण वाट ऐकू येते. याच वाटेला मींड म्हणतात, आणि मींडेवाचून रागसंगीताचे गायकी अंग सिद्ध होत नाही.

काब्रा यांची कामगिरी येथे सुरू होते. १९३७ साली जन्मलेले जोधपूरचे ब्रिजभूषण काब्रा हे उस्ताद अली अकबर खाँ यांचे शिष्य. त्यांचे बंधू दामोदरलाल काब्रा हेही त्याच गुरूंचे शिष्य आणि सरोदवादक. सरोदाला पडदे नसतात. पोलादी पट्टीवर नखाने तार दाबून बोट सरकविले की मींड निघते. हवाई गिटारीत नखाची जागा कांडी घेते. म्हणून सरोदाची विद्या या वाद्यावर नेणे तत्त्वतः शक्य होते. भेद राहतो तो स्वराच्या आयुष्याचा. सरोदाचा स्वर आघातानंतर लवकर विझतो, गिटारीचा अधिक काळ टिकतो, त्यामुळे लांब मींडेच्या शेवटापर्यंत स्वरात जीव उरतो. उलट कांडीने द्रुत गतीत प्रत्येक स्वर स्वच्छ घेणे कठीण असते. काब्रा यांनी वाद्यात चिकारीची सोय केली आणि त्यावर केवळ रागच वाजविण्याचा निश्चय धरला. चाली वाजवून लोकप्रियता सहज मिळत असता तिचा त्याग करणे, हे त्या निश्चयाचे मोल होय.

४

वाद्य परके की आपले, हा प्रश्न त्या काळी केवळ रसिकांच्या गप्पांचा नव्हता. तो शासकीय धोरणाचा होता. आकाशवाणीने मार्च १९४० मध्ये हार्मोनियमला आपल्या कार्यक्रमांतून बंदी केली आणि ती सुमारे तीन दशके टिकली. बंदीच्या समर्थनार्थ दोन मुद्दे मांडले जात. एक, हे वाद्य विलायती आहे. दुसरा, त्याच्या पट्ट्या स्थिर असल्याने श्रुती आणि मींड यांत दाखविता येत नाहीत. पुण्यात जन्मलेले डॉ. बा. वि. केसकर १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री होते. १९५२ मध्ये संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, चित्रपटगीतांना कात्री लागली, आणि बंदी चालूच राहिली. श्रोत्याची अभिरुची वरून घडविता येते, अशी या धोरणामागची श्रद्धा होती. चित्रपटगीतांसाठी श्रोता रेडिओ सिलोनकडे वळला आणि १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली, ही त्या श्रद्धेची सर्वश्रुत परीक्षा.

बंदीचे दोन मुद्दे वेगवेगळे तपासले तर त्यांतील विसंगती ध्यानात येते. विलायतीपण हाच दोष असता तर व्हायोलिनलाही प्रवेश मिळावयास नको होता. बालुस्वामी दीक्षितर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते कर्नाटक संगीतात आणले; महाराष्ट्रात गजाननबुवा जोशी आणि व्ही. जी. जोग यांनी त्याला रागदारीत मान मिळवून दिला. आकाशवाणीवर व्हायोलिन सन्मानाने वाजत होते, कारण त्यावर मींड निघते. म्हणजे खरी कसोटी जन्मस्थानाची नव्हे, तर मींडेची होती. ‘विलायती’ हा शब्द त्या कसोटीला केवळ भावनेचे बळ देत होता.

श्रोत्याची कसोटी याहूनही निराळी होती, आणि तिचे उदाहरण सोलापूर जिल्ह्यातच आहे. पंढरपूरच्या वारकरी भजनात वीणा, टाळ आणि मृदंग ही परंपरागत वाद्ये. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पॅरिस येथे सिद्ध झालेली हार्मोनियम हिंदुस्थानात आली, हातभात्याची झाली, संगीत नाटकांत शिरली आणि तेथून भजनी मंडळांत जाऊन ‘पेटी’ बनली. आकाशवाणीच्या स्टुडिओत जिला दार बंद होते ती पेटी विठ्ठलाच्या भजनात वाजत होती. नाव बदलले की वस्तू घरची झाली, असा लोकांचा न्याय दिसतो. लग्नाच्या वरातीतील बँड आणि त्यातील क्लॅरिओनेट यांचीही हीच कथा. सोलापूरच्या राम जोशी यांच्या लावणीपासून मिलच्या चाळीतील भजनापर्यंत ज्या श्रोत्याचा कान घडला, त्याने वाद्याचा जन्मदाखला कधी मागितला नाही. वाद्य गाण्याला साथ देते की आड येते, एवढेच तो पाहत आला.

५

या पार्श्वभूमीवर ‘कॉल ऑफ द व्हॅली’मधील वाद्ययोजना पाहिली असता एक लक्षणीय उलटापालट दिसते. संतूर हे वाद्य काश्मीरचे, सूफियाना संगीताच्या परंपरेतले. त्याच्या देशीपणाविषयी शंका घेण्याचे कारण नव्हते. तथापि १९५५ साली शिवकुमार शर्मा यांनी ते मुंबईच्या परिषदेत प्रथम वाजविले तेव्हापासून जाणकारांचा आक्षेप असा की या वाद्यावर मींड येत नाही. शंभर तारा, प्रत्येक स्वरासाठी वेगळ्या तारा, त्यांवर लाकडी कलमांचे आघात. स्वर टिकेल कसा आणि एकातून दुसऱ्यात जाईल कसा? शर्मा यांनी तारांची मांडणी बदलली, वाद्य मांडीवर घेतले आणि कलम तारेवर हलकेच घसरवून स्वर लांबविण्याचे तंत्र सिद्ध केले. तरीही संतूरचा मूळ धर्म थेंबाथेंबाने पडणाऱ्या स्वरांचा राहिला.

म्हणजे मुद्रिकेत देशी संतूरपाशी मींड अल्प आहे, आणि परक्या गिटारपाशी ती विपुल आहे. हार्मोनियमवरील आक्षेपाचा तांत्रिक भाग संतूरला लागू पडतो, जन्माचा भाग गिटारला. आणि श्रोत्याने दोन्ही भाग एकाच वेळी बाजूस सारले. त्याला संतूरचे तुषार हवे होते आणि गिटारीची ओढही हवी होती. बासरीचा अखंड श्वास या दोहोंना सांधत होता. तिन्ही वाद्यांचे गुणदोष परस्परपूरक असल्याने एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघाली. गिटार एकटी वाजली असती तर तिच्या परकेपणाची चर्चा झाली असती. येथे ती दोन घरच्या वाद्यांच्या मध्ये बसली होती आणि राग बोलत होती. ऐकणाऱ्याने प्रथम राग ओळखला, मग वाद्य. हा क्रम स्वीकाराच्या दृष्टीने निर्णायक ठरला, असे म्हणता येईल.

६

हा स्वीकार ज्या माध्यमातून घडला त्याचाही विचार आवश्यक आहे. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीची एक बाजू सुमारे तीन-साडेतीन मिनिटांची. १९४८ साली अमेरिकेत ३३⅓ फेऱ्यांची दीर्घ मुद्रिका निघाली आणि एका बाजूस वीस मिनिटे मिळू लागली. १९५५ मध्ये काब्रा यांचे गुरू अली अकबर खाँ यांनी न्यूयॉर्क येथे सकाळचे व सायंकाळचे राग अशी दोन बाजूंची मुद्रिका केली. येहुदी मेन्युइन यांनी तिचे प्रास्ताविक केले. तेथे एका बाजूस एक राग होता, म्हणजे दीर्घ मुद्रिका मैफलीचे प्रतिरूप म्हणून वापरली होती. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ने ती वेगळ्या हेतूने वापरली. तिने चाळीस मिनिटांत मैफल कोंबली नाही. चाळीस मिनिटांचीच एक स्वतंत्र रचना केली. स्टुडिओत जन्मलेली आणि स्टुडिओबाहेर त्याच रूपात न सापडणारी ही कृती होती.

अशा कृतीचे रसग्रहणही निराळ्या रीतीने होते. मैफलीतला रसिक दाद देतो. मुद्रिकेपुढे दाद व्यर्थ असते. तबकडीच्या श्रोत्याची दाद म्हणजे पुनःश्रवण. सुई पुन्हा आरंभी ठेवणे हीच त्याची ‘वाहवा’. दहाव्या-विसाव्या वेळी त्याला पुढचा स्वर आधीच ठाऊक असतो, आणि तो स्वर अपेक्षित जागी आल्याचे समाधान हा त्याच्या आनंदाचा मुख्य भाग बनतो. मैफलीत आनंद अनपेक्षिताचा, तबकडीत अपेक्षापूर्तीचा. हा फरक रसशास्त्राच्या अभ्यासकांनी ध्यानात घेण्यासारखा आहे.

मराठी श्रोत्याला या मुद्रिकेतील राग नावांनी नसले तरी स्वरांनी परिचित होते. पिलू, देस आणि पहाडी ही नावे ठाऊक नसलेल्याच्याही कानांवर त्यांचे स्वर नाट्यगीते, भजने, भावगीते आणि चित्रपटगीते यांतून पडलेले होते. भूपाच्या बाबतीत तर एक गमतीचा विरोध आढळतो. शास्त्रानुसार भूप हा रात्रीच्या पहिल्या प्रहराचा राग, आणि मुद्रिकेत तो दिवस कलल्यावरच येतो. परंतु त्याच्या नावाशी जडलेली मराठी ‘भूपाळी’ पहाटे देवाला जागविण्यासाठी म्हणतात. १९५१ च्या ‘अमर भूपाळी’ या चित्रपटाने हा संस्कार आणखी दृढ केला. म्हणून भूपाच्या जवळचे स्वर ऐकताच मराठी मनाला पहाट आठवते आणि मुद्रिका त्याला सायंकाळ सांगते. या विरोधाने रसभंग होत नाही. सामान्य श्रोता रागसमय कोष्टकातून नव्हे, संस्कारातून शिकतो आणि नवा संस्कार जुन्याच्या शेजारी ठेवून घेतो, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

माध्यमाच्या प्रसाराविषयी एक सावधगिरी बाळगली पाहिजे. दीर्घ मुद्रिका आणि ती वाजविणारे यंत्र ही १९६० च्या दशकात मध्यमवर्गालाही सहज परवडणारी वस्तू नव्हती. सोलापूरला त्या वेळी स्वतःचे आकाशवाणी केंद्र नव्हते. पण मुंबई, हैदराबाद, १९५० चे धारवाड, १९५३ चे पुणे आणि १९६३ चे सांगली अशा केंद्रांच्या मधोमध हे शहर वसलेले. चार दिशांनी येणाऱ्या ध्वनिलहरींत महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र या तिन्ही प्रांतांचे संगीत होते. गिटार वा संतूर यांची येथील श्रोत्याला धास्ती वाटली नाही, याचे एक कारण अनेक प्रकारचे सूर ऐकण्याच्या या सवयीतही शोधता येईल. पुढे कॅसेटच्या युगात, म्हणजे १९८० नंतर, हीच मुद्रिका खऱ्या अर्थाने घरोघर पोहोचण्याजोगी स्वस्त झाली.

७

मुद्रिकेचा दुसरा श्रोतृवर्ग पाश्चात्त्य होता, आणि त्याच्या आवडीची दिशा नेमकी उलट होती. १९६५ च्या डिसेंबरात बीटल्सच्या एका गीतात जॉर्ज हॅरिसन यांनी सतार वाजविली आणि रॉक संगीताच्या जगात भारतीय वाद्यांविषयी कुतूहल जागे झाले. जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसन मुंबईस आले आणि एच. एम. व्ही.च्या स्टुडिओत त्यांनी ‘वंडरवॉल म्युझिक’साठी भारतीय वादकांकडून ध्वनिमुद्रण करून घेतले, त्या वादकांत शिवकुमार शर्मा होते आणि बासरीवादक केंकरेही होते. त्याच मुक्कामात सिद्ध झालेल्या ‘द इनर लाइट’च्या वाद्यसंगीतात हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आहे. हॅरिसन, बॉब डिलन, डेव्हिड क्रॉस्बी, रॉजर मॅग्विन यांसारख्या गिटार वाजविणाऱ्या कलावंतांना ‘कॉल ऑफ द व्हॅली’ विशेष प्रिय होती असे सांगितले जाते.

पाश्चात्त्य तरुणाला गिटार ओळखीची होती आणि राग अनोळखी. आपलेच वाद्य दुसऱ्या भाषेत बोलताना ऐकून तो त्या भाषेकडे वळला. मराठी श्रोत्याला राग ओळखीचा होता आणि गिटार नवी. आपलीच भाषा नव्या तोंडून ऐकून त्याने ते तोंड आपले मानले. एकाच मुद्रिकेला दोन दारे होती आणि प्रत्येक श्रोता आपल्या बाजूच्या दाराने आत आला. संगीताच्या ‘संगमा’विषयी जे ढोबळ बोलले जाते त्यापेक्षा हे अधिक नेमके आहे, येथे दोन संगीतांची मिसळ झालेली नाही, मुद्रिकेतील संगीत आद्यन्त रागसंगीतच आहे. मिसळ झाली ती श्रोत्यांची.

८

जाणकारांचे आक्षेप येथे नोंदविणे न्याय्य होईल. राग सात-आठ मिनिटांत उरकला म्हणजे त्याचा विस्तार राहून जातो. कथेचे सूत्र आले की स्वरांना चित्राचे दास्य पत्करावे लागते. आणि श्रोता गोडव्याला सोकावून खऱ्या मैफलीस पारखा होतो, असे हे तीन आक्षेप आहेत. पहिल्यात तथ्य आहे. क्रमाक्रमाने उलगडणारा आलाप येथे शोधणाऱ्याची निराशा होईल. परंतु अब्दुल करीम खाँ यांच्या तीन मिनिटांच्या तबकड्यांना कोणी उथळ म्हटले नाही. आटोपशीरपणा हा स्वतः दोष नव्हे. दुसऱ्या आक्षेपाला उत्तर असे की मेंढपाळाची कथा वेष्टनावर लिहिलेली आहे, स्वरांत नाही. ती न वाचताही मुद्रिका पुरी ऐकता येते. तिसरा आक्षेप मात्र सोडून देण्यासारखा नाही. मुद्रिकेचा प्रत्येक श्रोता मैफलीकडे वळला असे मानणे भाबडेपणाचे होईल. कित्येकांच्या लेखी रागसंगीत म्हणजे हीच चाळीस मिनिटे, आणि ती पार्श्वभूमीला वाजण्यापुरती राहिली. लोकप्रियतेने दार उघडले. आत किती खोल जावे हे ज्याचे त्याने ठरविले.

याहून गंभीर गोष्ट गिटारवादकाच्या वाट्याला आली. शर्मा आणि चौरसिया यांची जोडी पुढे ‘शिव-हरी’ या नावाने चित्रपटसंगीतात आली. ‘सिलसिला’ (१९८१), ‘चांदनी’ (१९८९), ‘लम्हे’ (१९९१) या चित्रपटांनी ती घरोघर पोहोचली. दोघांनाही पुढे पद्मविभूषण मिळाले. १९९० च्या दशकात या मुद्रिकेची आठवण जागविणारी ‘द व्हॅली रिकॉल्स’ निघाली तेव्हा तीत संतूर आणि बासरी होती, गिटार नव्हती. काब्रा गिटारीवर राग वाजवीत राहिले; देबाशिष भट्टाचार्य यांच्यासारखे शिष्य त्यांनी घडविले. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. विश्वमोहन भट्ट यांना अमेरिकन रॉक गिटारवादक राय कूडर यांच्या समवेत केलेल्या ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ (१९९३) या मुद्रिकेसाठी ग्रॅमी मिळाले, तेव्हा भारतीय गिटार जगाच्या दृष्टीस आली. परंतु तिला रागाची योग्यता प्रथम मिळवून देणाऱ्याचे नाव सामान्य श्रोत्याच्या ओठांवर क्वचितच असते.

याचे एक कारण स्वीकाराच्या स्वरूपातच दडलेले आहे. गिटार इतकी सहज रागात मिसळली की ती निराळी म्हणून ध्यानातच राहिली नाही. परके वाद्य ज्या दिवशी परके वाटेनासे होते, त्या दिवशी ते आपले करणाऱ्याचे श्रमही दिसेनासे होतात. पंढरपूरच्या भजनात प्रथम पेटी कोणी नेली हे आज कोणी विचारीत नाही, तद्वत् हेही घडले. श्रोत्याची उदारता आणि श्रोत्याची विस्मृती या एकाच वृत्तीच्या दोन बाजू आहेत.

९

वरील विवेचनातून पुढील गोष्टी निष्पन्न होतात. वाद्याचे देशीपण जन्मावरून ठरत नाही, ते त्याच्याकडून कोणते काम करवून घेतले यावरून ठरते. आणि हा निर्णय शासन वा शास्त्रज्ञ यांच्याआधी श्रोता देतो. आकाशवाणी एका पेटीला बाहेर ठेवीत असताना श्रोत्याने तीच पेटी भजनात आणि गिटार रागात मान्य केली. दुसरे असे की दीर्घ ध्वनिमुद्रिका ही मैफलीची दुय्यम प्रत नसून एक स्वतंत्र कलाप्रकार आहे, आणि तिच्या रसिकतेला पुनःश्रवणाचे स्वतःचे नियम आहेत. तिसरे, लोकप्रियतेच्या नोंदीवर विसंबून कलेचा इतिहास लिहिल्यास ज्यांचे काम सर्वांत अधिक मुरले तेच कलावंत इतिहासातून गळण्याचा धोका असतो.

या विषयाचे पुढील संशोधन जिल्ह्याजिल्ह्यांतून व्हावयास हवे. गणेशोत्सव मंडळांचे जमाखर्च, ध्वनिवर्धक भाड्याने देणाऱ्यांच्या वह्या, तबकड्यांच्या दुकानांच्या याद्या, वाचनालयांतील जुन्या नियतकालिकांतील पत्रव्यवहार आणि वयोवृद्ध श्रोत्यांच्या आठवणी ही त्याची साधने होत. सोलापूरसारख्या बहुभाषी शहरात ही साधने चार भाषांत विखुरलेली असतील, आणि ती दिवसेंदिवस नष्ट होत आहेत. गाणाऱ्यांच्या इतिहासाला घराणी राखणदार म्हणून लाभली. ऐकणाऱ्यांच्या इतिहासाला तसा राखणदार नाही. ते काम विद्यापीठांच्या इतिहास विभागांनीच अंगावर घेतले पाहिजे.